पावसाळी गटारांची फी: शुल्क की मागल्या दारानं आलेला कर?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात) घर असलेल्यांच्या टपालात अधूनमधून नगरपालिकेचं एक पाकीट येतं. आत फीवरच्या मतदानाची मतपत्रिका: मिळकतीचा क्रमांक, फीची रक्कम, 'होय' आणि 'नाही'चे दोन चौकोन, सहीची जागा आणि परतीचा लिफाफा. जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर ते कचऱ्यात जातं आणि पुढे बिलात स्टॉर्म ड्रेन फीची, म्हणजे पावसाळी गटारांच्या फीची, ओळ दिसली की सगळीकडे बोंब सुरू होते. त्या ओळीमागचा हिशेब एकदा नीट मांडावा म्हणून हा धागा. उदाहरण पालो आल्टोचं घेतो, कारण तिथली मांडणी सुटसुटीत आहे. आकडे २०१७ च्या मतदानाच्या वेळचे आहेत, पुढे दर वाढत गेलेत.

आधी एक गैरसमज. "सांडपाण्याचं बिल भरतोच की" असं बरेच जण म्हणतात. तिथे मैलापाण्याचे पाइप वेगळे आणि पावसाच्या पाण्याचे वेगळे. सिंक-संडासाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी मात्र, त्यात गाडीचं ऑइल असो की कुत्र्याची घाण, जसंच्या तसं ओढ्यात आणि तिथून खाडीत. सांडपाण्याच्या बिलातला पैसा या पाइपांना लागत नाही.

फीचं एकक: २,५०० चौरस फूट कठीण पृष्ठभाग, म्हणजे छप्पर, काँक्रीट, डांबर. याला ईआरयू म्हणतात. स्वतंत्र घरांचं मोजमाप प्लॉटवरून: ६,००० चौरस फुटांच्या आत ०.८ एकक, ६,००० ते ११,००० ला १, त्यावर १.४. दुकानं, ऑफिसं, शाळा, चर्च यांचा कठीण पृष्ठभाग प्रत्यक्ष मोजून भागिले २,५००. म्हणजे छप्पर आणि पार्किंग मिळून २५,००० चौरस फूट असलेल्या दुकानाला १० एककं.

२०१७ चा दर एका एककाला महिना १३.६५ डॉलर. त्यात दोन तुकडे: ६.६२ रोजच्या देखभालीचे, त्यांना मुदत नाही, ७.०३ ठरलेल्या प्रकल्पांचे, ते १ जून २०३२ ला आपोआप संपणार. वार्षिक वाढ महागाईइतकी किंवा ६ टक्के, जे कमी असेल ते. मालकांनी 'नाही' म्हटलं असतं तर दर २००५ आधीच्या ४.२५ वर घसरला असता. हे नुसतं घाबरवणं नव्हतं. २००० साली मालकांनी वाढ खरोखरच फेटाळली होती. २००५ ला १० डॉलरला होकार मिळाला तेव्हा कुठे मोठी कामं हलली.

माझं मत: अशी फी असावी, पण मोजणी, मुदत आणि वेगळा खजिना या तीन गोष्टी असतील तरच.

---

करदाता_क्रमांक_एक

मांडणी छान, पण मुळात प्रश्न असा की मिळकतकर कशाला घेतात? रस्ता, दिवे, गटार ही नगरपालिकेची मूळ कामं. मूळ कामांचे पैसे आधीच घेतलेत. मग गटार वेगळं काढलं, उद्या दिवे काढतील, परवा फुटपाथ. प्रत्येकाला 'फी' म्हणायचं म्हणजे कराची मर्यादा लागत नाही.

दुसरं, गावातला सगळ्यात मोठा कठीण पृष्ठभाग कुणाचा? रस्त्यांचा. तो नगरपालिकेचा. त्याची एककं कोण भरतं?

तिसरं, 'आपोआप संपणार' हे तुम्हाला खरंच पटतं? २००५ च्या फीचीही मुदत २०१७ ला संपत होती. संपली का? नवी आली, जरा जास्तच.

---

कलमबहाद्दर

करदाता, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर कॅलिफोर्नियात अख्खी राज्यघटना बदलून झालीय. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नं (मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानं) कलम १३-ड घातलं. त्यातल्या सहाव्या विभागाप्रमाणे मिळकतीशी जोडलेल्या फीवर बंधनं अशी: जमलेली रक्कम सेवेच्या खर्चापेक्षा जास्त नको, दुसऱ्या कामाला वळवायची नाही, एका मिळकतीवरची फी त्या मिळकतीमुळे पडणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात हवी, सेवा आज मिळत असली पाहिजे, 'पुढे कधीतरी' चालणार नाही, आणि पोलीस, अग्निशमन, ग्रंथालय अशा सर्वसाधारण सेवांसाठी अशी फी लावताच येत नाही. तेव्हा दिवे आणि फुटपाथ निघतील ही भीती कागदावर तरी बांधून ठेवलेली आहे.

आता पायऱ्या. इथे लोक फसतात, म्हणून सविस्तर.

आधी सगळ्या मालकांना नोटीस, त्यात रक्कम, हिशेबाची पद्धत, कारण आणि सुनावणीची तारीख. नोटीस टाकल्यापासून किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी. निम्म्याहून जास्त मिळकतींकडून लेखी हरकत आली तर विषय तिथेच संपला. इथे गप्प बसणं म्हणजे संमती. एवढ्या हरकती क्वचितच गोळा होतात.

हरकती पुरल्या नाहीत तर सुनावणीनंतर आणखी किमान ४५ दिवसांनी मतदान. एक तर मालकांचं, साध्या बहुमताचं, किंवा गावातल्या सगळ्या मतदारांचं, दोन तृतीयांश बहुमताचं. पालो आल्टोनं पहिला मार्ग घेतला. इथे परत आलेल्या मतपत्रिकाच मोजतात, त्यामुळे पाकीट कचऱ्यात टाकलं की तुमचं मत शून्य. हरकतीच्या टप्प्यावर न उठणारे आणि मतपत्रिका फेकून देणारे असे दोनदा हरतात. एका मिळकतीला एक मत, फी कितीही असो. रकमेच्या वजनानं मत मोजण्याची पद्धत 'असेसमेंट'ला (मिळकतीला होणाऱ्या खास फायद्यापोटीच्या आकारणीला) आहे, फीला नाही.

पाणी, कचरा आणि सांडपाणी यांच्या फीला हे दुसरं मतदान लागत नाही. 'पावसाचं गटारही सांडपाण्यातच' असा युक्तिवाद सलिनास शहरानं केला होता. २००२ मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला. मग २०१७ मध्ये विधिमंडळानं एसबी २३१ हे विधेयक आणून 'सांडपाणी'च्या व्याख्येत पावसाचं पाणी घातलं. २०२२ मध्ये न्यायालयानं ती व्याख्या मागच्या काळाला लागू नाही असं सांगितलं. घटनेतल्या शब्दाचा अर्थ साध्या कायद्यानं बदलावा का, हा वाद मिटत नाही, म्हणून शहाणी गावं अजून मतदान घेतात.

---

पाइपवाला

रस्त्यांच्या मुद्द्यावर. रस्ता हा स्वतःच गटाराचा भाग आहे. कर्बला लागून जो पन्हळ असतो तोच पाणी जाळीपर्यंत नेतो. बहुतेक ठिकाणी म्हणूनच रस्ते फीतून वगळतात. तर्क बरोबर आहे, पण त्याचा परिणाम असा की रस्त्याच्या पाण्याचा खर्चही घरं आणि दुकानंच उचलतात. तेव्हा करदाता यांचा आक्षेप निम्मा खरा.

आता पाणी किती, ते बघू. गटाराच्या लोकांचं नेहमीचं सूत्र: प्रवाह = वाहून जाण्याचा गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र. तीव्रता मिलिमीटर प्रतितास आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेतलं तर भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. एक हेक्टर डांबरी पार्किंग, गुणांक ०.९, पाऊस ताशी ५० मिमी: सेकंदाला १२५ लिटर. त्याच हेक्टरवर हिरवळ असेल, गुणांक ०.२: २८ लिटर. साडेचार पट फरक. पाण्याच्या मीटरवर किंवा घराच्या किमतीवर ही फी लावली तर अन्याय होतो, तो याच फरकामुळे. बहुमजली इमारतीत पाणी जास्त वापरलं जातं, पण माणशी छप्पर कमी असतं. उलट गोदामात नळ एक आणि पत्रा दोन एकरांचा.

आणि हे १२५ लिटर कोणत्या पाइपात मावतात? २०० मीटरला १ मीटर उतार, बरा काँक्रीट पाइप: ३०० मिमीचा पाइप भरून वाहिला तर ६८ लिटर. ३७५ चा १२४, म्हणजे काठोकाठ. ४५० चा २००. डिझाइनमध्ये ४५० घालतात, तो ठेकेदाराच्या सोयीसाठी नव्हे.

आता त्याच ४५० मध्ये तळाशी पाव उंचीपर्यंत गाळ बसला. बघणाऱ्याला वाटतं पाव पाइप गेला. प्रत्यक्षात क्षेत्र २० टक्के कमी होतं, पण पाणी आता सपाट गाळावरून घासत जातं, म्हणून वहनक्षमता सुमारे २८ टक्के घटते. गाळाचा खडबडीतपणा त्यात धरलेलाच नाही. त्या ६.६२ डॉलरांतून जेटिंगची (जोराच्या पाण्यानं पाइप धुणारी) गाडी फिरली नाही तर ७.०३ डॉलरांचा नवा पाइप काही वर्षांत जुना झालेला असतो. देखभालीच्या तुकड्याला मुदत नाही याचं कारण हे.

---

करदाता_क्रमांक_एक

सूत्र मान्य. पण मग घरांना प्लॉटवरून का मोजतात? ११,५०० फुटांच्या प्लॉटवर छोटं कौलारू घर आणि मागे सगळी बाग, त्याला १.४. शेजारी ५,९०० फुटांत कडेपासून कडेपर्यंत काँक्रीट ओतलेला, त्याला ०.८. 'खर्चाच्या प्रमाणात' हे घटनेतलं वाक्य इथे कुठे गेलं?

---

ओढ्याकाठी

ही खरी कमजोरी आहे, मान्य. कारण प्रशासकीय: हजारो घरांची छपरं, अंगण, ड्राइव्हवे वेगवेगळे मोजून दर वर्षी दुरुस्त करत राहायचं तर मोजणीचा खर्च फीतूनच जाणार. म्हणून तीन गट. गटाची सरासरी बरोबर असली तरी गटातला एखादा हमखास रडतो.

आता उपग्रह आणि विमानातली छायाचित्रं स्वस्त झालीत, त्यामुळे घराघराची मोजणी अशक्य राहिलेली नाही. लॉस एंजेलिस काउंटीनं २०१८ मध्ये मेझर डब्ल्यू (मतदारांपुढचा प्रस्ताव) मंजूर करताना गटच ठेवले नाहीत: कठीण पृष्ठभागाच्या दर चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. वाटपही तिथेच लिहिलंय: ५० टक्के प्रादेशिक प्रकल्पांना, ४० टक्के त्या त्या गावाला, १० टक्के पूरनियंत्रण खात्याला. तो मात्र कर होता, म्हणून सगळ्या मतदारांचं दोन तृतीयांश बहुमत लागलं, आणि मिळालं.

---

श्टुटगार्टकर

जर्मनीत ही भांडणं होऊन गेलीत. आधी इथे पावसाच्या पाण्याचा खर्च नळाच्या पाण्याच्या मीटरवरूनच वसूल व्हायचा. जास्त अंघोळ केली की जास्त 'पाऊस'! बर्लिननं २००० मध्ये दोन्ही वेगळे केले, आणि मार्च २०१० मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की एकत्र मीटरवरून घेणं समतेला धरून नाही. त्यानंतर राज्यातल्या सगळ्या गावांना फी दोन भागांत विभागावी लागली.

मोजणी अशी: गाव विमानातून छायाचित्र काढतं, तुमच्या प्लॉटचा नकाशा छापून फॉर्म पाठवतं. प्रत्येक पृष्ठभाग तुम्ही रंगवून परत करायचा: कौलं, डांबर, फरशी, सांधे उघडे ठेवलेले ब्लॉक, हिरवं छप्पर. प्रत्येकाचा गुणांक वेगळा. टाकी बसवली असेल तर तिच्या आकारमानाप्रमाणे सूट. आणि महत्त्वाचं: जे छप्पर गावाच्या गटाराला जोडलेलंच नाही, स्वतःच्या बागेत पाणी जिरवतं, त्याला शून्य. फॉर्म परत केला नाही तर गाव स्वतःचा अंदाज धरतं, तो अर्थात मालकाच्या बाजूचा नसतो.

करदाता, तुमच्या कौलारू घरवाल्याचा प्रश्न इथे असा सुटतो. रडणारे इथेही आहेत, पण ते चौरस मीटरवरून रडतात, तत्त्वावरून नाही. :)

---

नालेसफाई

मुंबईवाल्याच्या नजरेतून दोन शब्द. तुमच्याकडे ताशी २५ मिमी पाऊस म्हणजे बातमी. आमच्या ब्रिमस्टोवॅडचा (पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या योजनेचा) अहवाल १९९३ चा. तेव्हाची पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमताच ताशी २५ मिमी, तीही ओहोटीला. ती ५० करायची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा अहवाल बाहेर काढून धूळ झटकली गेली. मग हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशनं) झाली.

मुंबईचं दुखणं पाइपाच्या जाडीपेक्षा तोंडाचं आहे. बहुतेक पातमुखं, म्हणजे वाहिन्यांची समुद्राकडे उघडणारी तोंडं, भरतीच्या रेषेखाली. भरती आली की झडप लावायची, नाहीतर समुद्र शहरात. झडप लावली की पंप चालले पाहिजेत. म्हणजे इथे फी घेतलीत तर तिचा मोठा वाटा विजेत आणि पंपात जाणार, आणि ते पंप वर्षाचे आठ महिने निवांत उभे. त्या आठ महिन्यांत ते चालवून बघितले नाहीत तर जूनमध्ये फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप सुरू करणारा) अडकतो, बॅटरी बसते, डिझेल जनरेटर हात वर करतो. सगळे पंप एकदम मेले असं क्वचित होतं. चारातला एक सुरू होत नाही आणि दुसऱ्याच्या जाळीला प्लास्टिक लपेटलेलं असतं.

मुद्दा असा की 'एक फी, एक गटार' हे सपाट, कोरड्या गावाचं गणित. भरतीच्या शहरात खर्च पावसाच्या मिलिमीटरनं ठरत नाही, पाऊस आणि भरती एका वेळी गाठ घेतात का यावर ठरतो.

---

पाइपवाला

नालेसफाई, १००% सहमत. पालो आल्टोलाही खाडी आहेच, तिथेही सखल भागातलं पाणी पंपानं उचलतात. प्रमाण वेगळं, इतकंच.

जाळीच्या चेंबरबद्दल लिहितो, कारण फीतला पैसा कुठे मुरतो ते तिथे दिसतं. रस्त्याकडेचं झाकण उचला. खाली काँक्रीटची चौकोनी पेटी. तिच्या एका भिंतीतून बाहेर जाणारा पाइप. पाइपाच्या तोंडावर स्टेनलेस स्टीलचा भोकाभोकांचा पत्रा वाकवून बसवलेला, भोकं ५ मिमीची. वरून एक मोकळी फट, म्हणजे पत्रा चोंदला तरी पाणी फटीतून पुढे जावं आणि रस्ता बुडू नये. हा कचरा अडवणारा पत्रा खाडीच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठीच्या प्रादेशिक परवान्यामुळे आलाय. ५ मिमीपेक्षा मोठं काही पुढे जाता कामा नये अशी अट. सिगारेटचं थोटुक, बाटलीचं टोपण, चिप्सची पिशवी इथेच थांबते.

बिघडतं कसं? नोव्हेंबरात झाडं पानं झाडतात. ओली पानं पत्र्याला चिकटून गादी होते. आधी फट काम करते. मग फटीतही काटक्या अडकतात आणि पेटी भरून पाणी रस्त्यावर. म्हणून वर्षातून एकदा पावसाआधी सफाई हा किमान नियम. दाट झाडांच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या. एक फेरी चुकली तर पहिल्याच मोठ्या सरीत 'फी भरूनही पाणी तुंबलं' असे फोटो. सखल जागेची जाळी डिझाइन करतानाच निम्मी चोंदलेली धरतात, तरीही.

---

रेनगेज

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. गटार तुंबणं आणि ओढा फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालो आल्टोचे पाइप साधारण १० वर्षांत एकदा येणाऱ्या पावसासाठी बेतलेले. त्याहून मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी उभं राहणार, हे गृहीतच आहे. पण फेब्रुवारी १९९८ चा पूर आला तो सान फ्रान्सिस्क्विटो ओढ्याचा काठ ओलांडून. त्यासाठी १९९९ मध्ये आजूबाजूच्या गावांचं वेगळं संयुक्त प्राधिकरण झालं, त्याचे पैसे वेगळे, पुलांची कामं वेगळी. ३१ डिसेंबर २०२२ ला ओढा परत काठावरून गेला. तेव्हा 'इतकी वर्षं स्टॉर्म ड्रेन फी कुठे गेली' हा प्रश्न रास्त वाटतो, पण पत्ता चुकतो. फी भरली म्हणून पूरविम्याचा नकाशाही बदलत नाही.

हे मतपत्रिकेच्या माहितीपत्रकातच ठळक लिहिलं पाहिजे. लिहीत नाहीत, कारण 'पुरापासून संरक्षण' हे शब्द मतं आणतात.

---

करदाता_क्रमांक_एक

> 'पुरापासून संरक्षण' हे शब्द मतं आणतात

+१. आता खरं बोलणं सुरू झालं.

मग मला हे सांगा: पैसा खरंच गटारातच जातो हे घरबसल्या कसं तपासायचं?

---

कलमबहाद्दर

या फीचा स्वतंत्र निधी असतो आणि त्याचा ताळेबंद नगरपालिकेच्या वार्षिक अहवालात वेगळा छापतात. चार ओळी बघा.

'सर्वसाधारण निधीकडे वर्ग' असं काही आहे का. खर्चविभागणी, म्हणजे वकील, लेखा, आयटी, इमारतीचं भाडं यांचा जो वाटा गटार निधीवर टाकतात, तो किती आणि दर वर्षी कसा वाढतोय. ही ओळ कायदेशीर आहे, पण पळवाटही हीच. एकूण खर्च स्थिर आणि ही ओळ फुगत असेल तर सुनावणीत उभं राहून विभागणीचं सूत्र मागा. तिसरं, शिल्लक: प्रकल्पांचे पैसे साठत जातात आणि कामं पुढे ढकलली जातात का. चौथं, २०१७ ला यादीत १३ प्रकल्प होते, त्यातले किती पूर्ण, किती वगळले, कुणाच्या ठरावानं. पालो आल्टोत यासाठी नागरिकांची देखरेख समिती आहे, तिची टिपणं सार्वजनिक असतात. रटाळ वाचन आहे, चहा घेऊन बसा.

आणि तुमच्या 'मुदत संपली का' या प्रश्नावर: संपली नाही हे खरं. पण मुदत होती म्हणूनच २०१७ ला नगरपालिकेला परत लोकांच्या दारात यावं लागलं, जुन्या यादीचा हिशेब द्यावा लागला. मुदत नसती तर तेवढंही झालं नसतं.

उलट टोकाचं उदाहरण मेरीलँड. २०१२ मध्ये राज्यानं कायदा करून दहा मोठ्या काउंट्या-शहरांना सक्तीनं ही फी लावायला सांगितली. विरोधकांनी 'रेन टॅक्स' नाव दिलं आणि नावच जिंकलं. फ्रेडरिक काउंटीनं सक्ती पाळली खरी, पण मिळकतीमागे वर्षाला एक सेंट! २०१४ च्या गव्हर्नर निवडणुकीत तो मुद्दा गाजला आणि २०१५ ला सक्ती गेली. पाऊस देव पाडतो, बिल राज्यानं पाडलं की लोक चिडतात. तेच गावानं हिशेब दाखवून मागितलं तर निदान ऐकतात.

---

सिंहगडरोड

पुण्यात लावायची झाली तर? आपल्या बिलात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, मलप्रवाह लाभ कर, वृक्षकर, रस्ताकर, शिक्षण कर, अग्निशामक कर अशी माळ आहेच. पावसाळी लाइनचं वेगळं काही नाही. दर पावसाळ्यात रस्त्याचा ओढा होतो.

---

पाइपवाला

पुण्यात फीच्या आधी तीन कामं करावी लागतील, नाहीतर फी घेऊन उपयोग नाही.

पहिलं, पावसाळी लाइनचा खरा नकाशा. कुठली लाइन कुठल्या नाल्यात जाते, किती व्यासाची, कुठे मध्येच संपते. कॅमेरा घातल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, जोडण्या. ड्रेनेज (मैलापाणी) पावसाळी लाइनला आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजला, हे दोन्ही सर्रास. उन्हाळ्यात कोरडी असायला हवी ती पावसाळी लाइन काळं पाणी वाहते, आणि पावसाळ्यात ड्रेनेजची झाकणं उडतात. शोधायची रीत साधी: संशयित इमारतीच्या संडासात रंग सोडायचा आणि खालच्या पावसाळी चेंबरमध्ये बघायचं. गच्चीचे पाइप शोधायला ड्रेनेजमध्ये कृत्रिम धूर सोडतात. गच्चीवरच्या पाइपातून धूर आला की जोडणी सापडली.

तिसरं, जाळीची पातळी. डांबरावर डांबर, मग काँक्रीट, आणि जाळी एक तर पुरली जाते नाहीतर रस्त्यापेक्षा उंच राहते. पाणी वर चढत नाही. जाळी पन्हळीच्या तळापेक्षा २५ ते ५० मिमी खाली हवी, आणि सपाट रस्त्यावर २०-३० मीटरला एक. रस्त्याच्या निविदेत 'जाळ्या नव्या पातळीला आणणे' ही बाब वेगळी मोजली जात नसेल तर ठेकेदार ती का करेल?

आणि २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर येऊन जे झालं ते रेनगेज म्हणतात तसलं, पाइपाच्या फीनं न सुटणारं.

---

कलमबहाद्दर

आपल्याकडे कायद्याची अडचण निराळी. कर आणि शुल्क यातला फरक सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात घालून दिला: शुल्काच्या बदल्यात सेवा हवी. पुढच्या निकालांनी 'पै-पैचा हिशेब नको, स्थूल संबंध पुरे' इतकं सैल केलं. म्हणजे शुल्क लावणं सोपं आणि वेगळा निधी ठेवण्याचं बंधन ढिलं. कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलट. मालकांचं मतदान तर आपल्या पालिका कायद्यात नाहीच.

पिंपरी-चिंचवडला कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क मिळकतकराच्या बिलात आलं तेव्हा काय गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं स्थगिती कशी दिली, ते आठवा. लोकांचा राग रकमेवर कमी होता. 'आधी सांगितलं नाही, सफाईपट्टी घेताच आहात, मग हे काय' यावर जास्त होता.

---

सिंहगडरोड

म्हणजे सवलतीचा मार्ग बरा? पुण्यात सौर, गांडूळखत, पर्जन्यसंधारण यांपैकी एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट मिळकतकरात आहेच.

---

श्टुटगार्टकर

सूट चांगली, पण ती 'यंत्रणा आहे' यावर मिळते, 'किती पाणी थांबलं' यावर नाही. फरक मोठा आहे. अमेरिकेत लोकप्रिय असलेलं ५५ गॅलनचं पिंप घ्या, म्हणजे २०८ लिटर. १,००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पावसाचं २,३६० लिटर पाणी होतं. पिंप पहिल्या सव्वादोन मिलिमीटरलाच भरतं, पुढचं सगळं गटारात. बागेला पाणी म्हणून छान, पण गटाराच्या दृष्टीनं नगण्य. आणि भरलेलं पिंप पुढच्या सरीआधी कुणी रिकामं केलं नाही तर तेवढाही उपयोग नाही.

---

ओढ्याकाठी

पाणी झिरपू देणाऱ्या फरशीला मात्र सवलत मिळायला हवी, आणि पालो आल्टोत तिच्यासाठी अनुदान राहिलेलं आहे. पाइपवाला, तिच्या थरांबद्दल लिहाल का? इथे ठेकेदार साधे ब्लॉक बसवून 'परमिएबल' म्हणून बिल लावतात.

---

पाइपवाला

वरून खाली: ८० मिमी ब्लॉक, सांध्यात ६-९ मिमीची धुतलेली खडी. खाली त्याच खडीचा ५० मिमी थर. मग २० मिमी खडी १०० मिमी. मग ४०-६० मिमीचा दगड, निदान १५० मिमी, मातीनुसार जास्त. कुठेही वाळू नाही, कुठेही चुरा नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: गवंडी सवयीनं सांध्यात वाळू झाडतो आणि पहिल्या पावसात दार बंद. दुसरी चूक, तळाची माती रोलरनं घट्ट दाबणं. तिसरी, शेजारच्या उघड्या मातीचा उतार फरशीकडे ठेवणं.

तपासणी ठेकेदारासमोरच करा. ३०० मिमी व्यासाची कडी, प्लंबरच्या पुट्टीनं फरशीला चिकटवायची. आधी ओली करून घ्या. मग १८ लिटर पाणी, कडीत १०-१५ मिमी उभं राहील इतक्याच वेगानं ओतायचं, घड्याळ लावून. दहा मिनिटांत जिरलं तर ताशी सुमारे १,५०० मिमी. तास लागला तर ताशी २५५. झिरपण्याची गती साधारण याच्या खाली गेली की सांधे व्हॅक्यूमनं उपसून नवी खडी भरायची वेळ झाली. नुसत्या झाडूनं धूळ आणखी आत जाते.

---

करदाता_क्रमांक_एक

आणि ड्राइव्हवेवर नुसती खडी टाकली असेल तर? ती कठीण धरतात का?

---

ओढ्याकाठी

गावागणिक वेगळं. बऱ्याच ठिकाणी गाडी फिरून दबलेली खडी कठीणच धरतात, कारण खालची माती डांबराइतकीच घट्ट होते. तुमच्या गावाच्या अध्यादेशात 'इम्पर्व्हियस'ची (पाणी न झिरपणाऱ्या पृष्ठभागाची) व्याख्या असते, ती आधी वाचा. मग विमानातल्या छायाचित्रावर त्यांनी आखलेल्या रेषा मागवा. झाडाची सावली किंवा शेजाऱ्याची शेड तुमच्या हिशेबात धरलेली असू शकते. चुकीचं धरलं असेल तर टेपनं मोजून, आराखडा आणि फोटो जोडून फेरमोजणीचा अर्ज करा. आणि अर्ज चालू असताना बिल भरत राहा, नाहीतर दंडाची ओळ वेगळी सुरू होते.